खिडकी, दार आणि आत्या

बऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्या गफूरचाचांच्या पॉवरलूमच्या वर होत्या. सकाळी खाली माग सुरू झाले की वर फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, माठातलं पाणी थरथरायचं आणि अंथरुणातून उठताना तळपायाला मुंग्या आल्यासारखं वाटायचं. आमच्या गावाहून, दापोऱ्याहून, कॉलेजसाठी मी पहिल्यांदा तिथे राहायला आले, तेव्हा दोन दिवस मला वाटत होतं की मला ताप भरतोय. मग आत्या म्हणाली, "ताप नाही, माग आहेत. सवय होईल." सवय झाली. इतकी झाली की शुक्रवारी माग बंद असायचे त्या दिवशी मला चुकल्यासारखं व्हायचं. बोलताना आपण उगाच ओरडतोय हे शुक्रवारीच कळायचं.

घरात आम्ही तिघं होतो. माझा मोठा भाऊ विनायक, म्हणजे दादा, शहरातल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. मी सुमन, आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. वर्गात सर काही विचारतील म्हणून मी कायम तिसऱ्या बाकावर, पुढच्या मुलीच्या वेणीआड बसायचे. आणि आमची दोघांची काळजी घ्यायला आमच्या वडिलांची, बापूंची, बहीण, आत्या. तिला मूलबाळ नव्हतं, घरी परत जायची ओढही नव्हती, त्यामुळे ती आमच्यापाशी रमली. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची तेव्हा खालच्या मागांच्या ठेक्यावर तिचा हात पडायचा. तिला ते माहीत नव्हतं. मी आणि दादा एकमेकांकडे बघून हसायचो. भाकरीबरोबर ठेचा, कधी शेवभाजी, आणि निंबोल्याहून मामांकडची वांगी आली की भरीत. दादा कधी खुशीत असला की येताना दराबा मिठाई आणायचा आणि आत्या म्हणायची, "तुपाचा वास जिन्यातच आला मला."

तो जुना कॉम्प्युटर क्लासमधूनच आला होता. क्लासात नवे आले तेव्हा मालकांनी हा दादाला देऊन टाकला. तो बाहेरच्या खोलीत, दार आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीला लावून ठेवला. त्याच्यासमोर बसलं की डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला जिन्याकडचं दार आणि पाठीमागे आत्याचा ओटा. दुपारनंतर खिडकीतून ऊन यायचं ते नेमकं पडद्याच्या काचेवर. मग काहीच दिसायचं नाही, नुसता पांढरा चट्टा. आत्याने तिथे जुनं लुगडं बांधायला दोरी लावून दिली होती. खाली माग चालू असले की पडदा बारीक थरथरायचा आणि त्यातले तारेही.

हो, तारे. कारण त्यावर आम्ही काय करायचो, तर अंतराळात विमानं उडवायचो. आज हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. माझ्या वयाच्या बाया आठवणी लिहितात त्यात जात्यावरच्या ओव्या असतात, सण असतात. माझ्या तरुणपणातला सगळ्यात लख्ख काळ मात्र एका कॉम्प्युटरच्या खेळात गेला, आणि सगळ्यात मोठं दुःखही त्याच खेळातून बाहेर आलं. त्याला माझा इलाज नाही.

खेळ असा होता. आपण एका लहान विमानात बसलेले, समोर काळं आभाळ, आणि शत्रूची विमानं येतात. त्यांच्या मागे लागायचं, ती आपल्या मागे लागतात, आणि गोल गोल फिरत एकमेकांना पाडायचं. दादाने क्लासमधून एक जुनी जॉयस्टिक आणली होती. सोपी पायरी त्याने झटकन पार केली, मधली केली, अवघड केली. शेवटच्या पायरीचं नाव होतं 'मर्सिलेस'. मी माझ्या डिक्शनरीत शब्द पाहिला आणि सांगितलं, "निर्दय."

"मग तीच खेळायची," दादा म्हणाला.

त्या पायरीवर तो सारखा मरायचा. आधीच्या पायऱ्यांवर पडद्याच्या मधोमध एक हिरवा बाण असायचा, शत्रू कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारा. निर्दय पायरीवर तो बाणच नव्हता. आपल्या डोळ्यांनी शोधायचं. दादा एकाच्या मागे लागायचा आणि दुसरा बाजूने येऊन त्याला फोडायचा. मी मागे पुस्तक घेऊन बसलेली असायचे. मला तो दुसरा आधीच दिसायचा, कडेला, चांगला मोठा.

"दादा, तो बघ ना!"

"कुठे?"

"अरे, दायें! दायें!"

दादाने जॉयस्टिक डावीकडे ओढली आणि आमच्या विमानाचा भुगा झाला.

"डावीकडे कुठे काय होतं?" तो चिडून म्हणाला.

"मी डावीकडे कुठे म्हणाले? दायें म्हणाले. राइट!"

"मग उजवीकडे म्हण ना, बाई. डावे म्हणतेस का दायें म्हणतेस, त्या खटखटीत काय कळतं?"

"घाईत तोंडात हिंदीच येतं."

"कॉलेजात जाऊन पार वाया गेलीस तू."

आमच्या बऱ्हाणपुरात हे असंच आहे. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि घाईत कोणती तोंडात येईल ते देवालाच ठाऊक. पण हिंदीतली उजवी बाजू मराठीतल्या डाव्या बाजूसारखी ऐकू येते, यामुळे कुणाचा जीव जाऊ शकतो हे आम्हाला त्या खेळाने शिकवलं. दोन-तीन दिवस असेच मेल्यावर दादाने दोन्ही भाषा बाद केल्या. "डावं-उजवं काही नको. डावीकडे खिडकी आहे, उजवीकडे दार आहे. तेवढंच ओरड." वर असेल तर गच्ची, खाली असेल तर माग. पाठीमागे काय म्हणायचं यावर आम्ही अडलो, तेवढ्यात मागून भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि दोघांच्याही तोंडातून एकदमच निघालं, "आत्या!"

"काय रे?" आत्या म्हणाली.

तेव्हापासून रोज तेच. मी ओरडायचे, "आत्या! आत्या!" आणि ती पीठभरल्या हातांनी बाहेर यायची. "अगं तू नाही, मागे विमान आहे." तर ती मागे वळून बघायची. पुढे पुढे ती यायची थांबली, ओट्यावरूनच म्हणायची, "असेन मी मागे, मारा मला."

शब्द जमले तसा दादाचा खेळ सुधारला. तो चिकट होता. का मेलो याचा विचार करत बसायचा, जेवताना घास हातात धरून. आधी तो भरधाव वेगात वळायचा, त्यामुळे वळण फार मोठं व्हायचं आणि शत्रू आतून वळून पाठीशी लागायचा. मग त्याला सापडलं की वळण्याआधी वेग एकदम कमी करायचा, जागच्या जागी तोंड फिरवायचं, आणि मग पुन्हा वेग. "आधी हळू, मग वळण," तो घोकायचा. दुसरं, नेम विमानावर धरायचा नाही, ते जिथे पोचणार आहे तिथे धरायचा. तिसरं, दोघं मागे लागले तर गोल फिरत बसायचं नाही, सरळ लांब पळायचं आणि दूर जाऊन तोंड फिरवायचं, म्हणजे दोघंही समोर येतात. "सुमे, समोर आला की तो माझा," दादा म्हणायचा. "समोर आलेला मी कधी सोडत नाही." ते खरंच होतं. समोरचा त्याने कधीच सोडला नाही. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही एवढंच.

एकदा बापू बाजाराला आले होते. टोपी मांडीवर ठेवून त्यांनी बराच वेळ बघितलं. "इनायका, हे कोनाचं वावर हाय?"

"वावर नाही बापू, आभाळ आहे."

"मग भांडून कायले राह्यले?"

"ते आपल्या हद्दीत येतात."

"आभायात बी बांध?" बापू म्हणाले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शालूचं आता सांगायला हवं. शालू म्हणजे निंबोल्याच्या मामांची मुलगी, दादाहून दोन-अडीच वर्षांनी लहान. आमच्यात मामाची मुलगी करतात. बापूंनीही त्यांच्या मामाचीच मुलगी केली, ती आमची आई. आमच्या घरात याला एक शब्द होता, 'घरातल्या घरात'. चांगलं बियाणं बाहेर जाऊ न देता घरीच ठेवतात त्या कौतुकाने तो उच्चारला जायचा. शालू विनूची, हे ती दोघं शेंबडी असल्यापासून ठरलेलं होतं, आणि गंमत म्हणजे दोघांनाही ते आवडायचं. दोघं एकमेकांशी भांडायची ते नवराबायकोसारखी.

मामी बाजाराला आल्या की शालूला आमच्याकडे सोडून जायच्या. ती यायची ती थेट खिडकीतल्या पत्र्याच्या पेटीवर बसायची, आणि तिच्या बसण्याने काचेवरचं ऊन जायचं. दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "आत्या, लुगडं सोड आता. शालू आली."

"मी काय लुगडं आहे का रे?" शालू म्हणायची.

"लुगड्यापेक्षा बरी. लुगड्याला भोकं आहेत."

ती चिडून त्याच्या पाठीत गुद्दा घालायची. एकदा ती घरून केळ्याचे वेफर घेऊन आली होती. पेटीवर बसल्या बसल्या तिने ताटली दादापुढे केली, त्याच्या डाव्या खांद्याशी. दादाने घेतले नाहीत. ती तशीच हात लांब करून बसली. नंतर ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घे बाई तू. याला राग आलेला दिसतोय."

"कसला राग?" दादाने मान वळवली. "वेफर आणलेत? मग सांगायचं ना!"

"कानाशी धरले होते. आणखी काय सांगायचं?"

आम्ही हसलो. दादाची धांदल घरात प्रसिद्धच होती. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, पाटावरचा पेला लाथाडायचा. दिवेलागणीनंतर सायकल चालवायचा नाही, हातात धरून चालत आणायचा. लहानपणापासून त्याला अंधारात कमी दिसतं हे आम्हाला माहीत होतं. आई म्हणायची, गाजर खा. त्यापलीकडे कुणी गेलं नाही. आणि माझ्या खिडकी-दाराने तर सगळं आणखीच झाकलं गेलं. निर्दय पायरीवर आम्ही एकेक लढाई जिंकत चाललो होतो, आणि मला वाटत होतं की दादा तरबेज होतोय.

त्या शुक्रवारी माझा घसा बसला होता. तोंडातून वाऱ्याशिवाय काही निघत नव्हतं. माग बंद, गल्ली शांत, आणि आत्या शेजारी पापड लाटायला गेलेली. दादा म्हणाला, "तू नुसती बस. आज एकटा खेळतो." मी त्याच्या बाजूला स्टुलावर बसले. एरवी मी पाठीमागे असायचे, पडदा बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी दादाचा चेहरा बघितला.

शत्रू डावीकडून आला. पडद्याच्या कडेला नव्हे, चांगला आत, वीतभर. दादाचे डोळे समोर होते आणि चेहऱ्यावर काहीही हललं नाही. विमान फुटलं. त्याने पुन्हा सुरू केलं. या वेळी उजवीकडून. पुन्हा तसंच. मला वाटलं थट्टा करतोय. तिसऱ्या वेळी मी माझं बोट त्याच्या डाव्या कानाजवळ धरलं आणि हळूहळू पुढे आणत गेले. कानावरून, गालाच्या हाडावरून, डोळ्याच्या कोपऱ्याच्या पुढे. बोट त्याच्या नाकाच्या जवळजवळ समोर आलं तेव्हा तो दचकला.

"काय गं? डोळ्यात घालशील!"

मी दुसऱ्या बाजूने तसंच केलं. तसंच झालं. तो हसत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, त्याचं हसू थांबलं. त्याने स्वतःचं बोट कानाशी नेलं आणि पुढे आणलं. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. मी काही बोलू शकत नव्हते. मला आवाजच नव्हता.

"तुला कुठून दिसतं?" त्याने विचारलं.

मी माझ्या कानाशी बोट धरून दाखवलं. इथून.

"तिथून?" तो म्हणाला. "सगळ्यांना तिथून दिसतं?"

इंदूरला बापू, दादा आणि मी गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, कसल्या कसल्या यंत्रांतून पाहिलं. मग आम्हाला तिघांना समोर बसवून त्यांनी बापूंना विचारलं, "इनके माँ-बाप की शादी रिश्तेदारी में हुई है क्या?"

बापू खुर्चीत ताठ झाले. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, इंग्रजी पाट्यांच्या मधोमध, त्यांना एक तरी प्रश्न असा आला होता ज्याचं उत्तर त्यांना येत होतं आणि ज्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी टोपी सारखी केली. हसून म्हणाले, "जी साब. मामा की ही लड़की है. घर की घर में."

डॉक्टरांनी मान हलवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सावकाश सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा कडांकडून वाळत येतो. रात्रीचं आधी जातं, मग बाजूचं, मधलं शेवटी. औषध नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांमध्ये हे जास्त दिसतं, कारण तोच दोष दोन्हीकडून येऊन मुलाला मिळतो. मुलाचं लग्न करणार असाल तर नात्याबाहेर करा. मलाही तपासलं. माझे डोळे चांगले निघाले. तरी पुढची कितीतरी वर्षं मी मोरीत दार लावून कानाशी बोट धरायचे.

बापूंचं हसू पुसायला फार वेळ लागला. ते चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं आणि त्याला तिथून कसं काढायचं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. पुढे आयुष्यभर त्यांच्या तोंडून 'घरातल्या घरात' हे शब्द मी ऐकले नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्यांनी दादाला खिडकीची जागा दिली. "बस इथं," ते म्हणाले. "पाहून घे काय काय ते." घाट उतरेपर्यंत दादा बाहेर पाहत होता. मग अंधारून आलं आणि त्याच्यासाठी बाहेर काही उरलं नाही, तरी बापूंना बरं वाटावं म्हणून तो तोंड तिकडेच करून बसला. असीरगड मागे पडल्यावर बस एके ठिकाणी थांबली. "निंबोला आलं का?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. रस्त्यालगत मामांच्या ओसरीवर दिवा होता आणि कुणीतरी भांडी घासत होतं. शालूच असावी. बापूंनी पायांकडे पाहिलं. बस निघाली.

मामा आणि मामी पुढच्याच आठवड्यात आले. दादाने कुणालाच बोलू दिलं नाही. स्वतःच सगळं सांगितलं आणि म्हणाला, "शालूसाठी दुसरीकडे पाहा."

मामी रडत म्हणाल्या, "अरे, पण तिला चालतंय म्हणते ती. मी हात धरून नेईन म्हणते."

"आणि पोरांना कुणी न्यायचं, मामी?"

"देवाच्या मनात असलं तर चांगली होतील की."

"बापूंना विचारा देवाच्या मनात काय असतं ते," दादा म्हणाला. बापू उठून जिना उतरून गेले. खाली गफूरचाचांनी त्यांना बसवून घेतलं, चहा मागवला. चाचांना वरचं सगळं ठाऊक होतं. बापू बसले होते तेवढा वेळ त्यांनी जवळचे दोन माग बंद ठेवले.

शालूचं लग्न जमलं, खंडव्याकडे. दादा क्लासला जायचा, घरी यायचा आणि खेळायला बसायचा. खेळल्याने डोळ्यांना अपाय नाही असं डॉक्टर म्हणाले होते. "एकच लढाई राहिली आहे, सुमे," तो म्हणायचा. "मधलं आहे तोवर काढून टाकू." आता आम्ही दोघंही जाणून खेळत होतो. मी कडा बघायची, त्याने मध्य बघायचा. इतका सुरेख आम्ही आधी कधीच खेळलो नव्हतो. मी 'खि' म्हणायच्या आत त्याचा वेग उतरलेला असायचा.

लग्नाच्या थोडे दिवस आधी, एका दुपारी, आम्ही ती शेवटची लढाई खेळत होतो. खाली सगळे माग जोरात होते. लुगडं अजून बांधलं नव्हतं आणि ऊन काचेवर नुकतंच यायला लागलं होतं. दार उजवीकडे उघडंच होतं, आणि मला शालू दिसली. हिरवी साडी, हातात खरेदीची पिशवी. तिने ओठांवर बोट ठेवलं. पावलं न वाजवता ती माझ्या मागून गेली आणि खिडकीतल्या पेटीवर बसली. पावलं वाजवली असती तरी त्या खटखटीत काय ऐकू येणार होतं? ओट्यापाशी आत्या उभी होती, तिने पदर तोंडावर धरला. शालू दादाकडे बघत बसली. तिच्यात आणि त्याच्यात हातभर अंतर होतं.

मी ओरडत होते. थांबता येत नव्हतं, थांबले असते तर त्याला कळलं असतं. "दार! गच्ची! आत्या, आत्या!" आत्या काही म्हणाली नाही. दादा लांब पळाला, तोंड फिरवलं, एक पाडला, दुसरा पाडला. मग शेवटचा राहिला, त्यांचा म्होरक्या. तो बराच वेळ दिसेना. आणि मग तो डावीकडून आला.

"खिडकी!" मी ओरडले.

माझा आवाज फाटला. शालूने माझ्याकडे पाहिलं. तिला आमचे शब्द माहीत होते. दादाने वेग उतरवला, विमान फिरवलं, आणि तो समोर आला, आणि समोर आलेला दादा कधी सोडत नव्हता. मान मात्र त्याने वळवली नाही. पडद्यावर मोठा जाळ झाला, मग अक्षरं आली. निर्दय पायरी पार झाली होती. दादा समोर बघत बसून राहिला. "सुमे, जिंकलो," तो म्हणाला, अगदी हळू. मी पेटीकडे पाहिलं तर ती रिकामी होती आणि काचेवर पांढरा चट्टा पडला होता.

त्या दिवसाबद्दल मी दादाला कधी सांगितलं नाही. शालूने ओठांवर बोट ठेवलं होतं, ते मी मोडलं नाही. तिच्या लग्नाला सगळे गेले, मी आणि दादा गेलो नाही. मी शाळेत शिक्षिका झाले, माझं लग्न झालं, लांबच्या घरात. दादाने केलं नाही. मधलं त्याला आणखी दहा-बारा वर्षं पुरलं, मग तेही मिटत आलं. आता तो दापोऱ्याला असतो आणि त्याला फक्त उजेड आणि सावली कळते. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतो. वाटेत काही आलं तर मी अजूनही डावं-उजवं म्हणत नाही.

गेल्या उन्हाळ्यात निंबोल्यालाच मामांच्या नातवाचं लग्न होतं. दादा या वेळी आला. मांडवाच्या कडेला आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो होतो. दादाच्या हातात सरबताचा पेला होता आणि कनातीच्या फटीतून ऊन नेमकं त्याच्या तोंडावर पडत होतं. तेव्हा शालू आली. जाड झाली आहे, चष्मा लागला आहे, दोन नातवंडं आहेत. ती दादाच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. बँड वाजत होता. मी वाट पाहिली. या वेळी तिने ओठांवर बोट ठेवलं नाही.

"दादा," मी म्हणाले, "खिडकी."

त्याने आधी पेला खाली ठेवला. थांबला. मग सावकाश, तोंड फिरवलं.

"ओळखलं का?" शालूने विचारलं.

"त्या दिवशी बी ओळखलं होतं," दादा म्हणाला. "काचेवरचं ऊन गेलं होतं."

शालूने माझ्याकडे पाहिलं नाही. ती तशीच उभी होती. मग अर्धं पाऊल बाजूला सरकली, आणि तिची सावली दादाच्या तोंडावर आली. दादा हलला नाही. नवरदेव मांडवाच्या दारात आला, लोक उठले, अक्षता वाटायला कुणीतरी आमच्यापाशी येऊन गेलं. ती तिथेच उभी राहिली, ऊन पुढे सरकेपर्यंत.